झाकण कुठंय?

'ठप्प... चीऽऽऽ!' हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तवा माझ्या अंगात चड्डीबी नव्हती, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात माझ्या बापानं गोटी सोड्याची बाटली अंगठ्यानं फोडली आन मी दचकून आईच्या पदरात शिरलो, आन आता त्याच आवाजावर केस पिकले तर हा कालचा पोरगेला साहेब मला विचारतो, "झाकण कुठंय?" अहो, गोटी सोड्याला झाकण! तुम्हाला सांगतो, मी गप बसलो. मी सांडू सोडावाला, अख्ख्या शहागंजात विचारा, ह्या माणसाला एक वाक्य संपवायला चहा गार होतो. पण आतून असा खदखदत होतो म्हणता...

झालं काय, कोरोनात दोन उन्हाळे गेले. सोड्याचा धंदा म्हणजे उन्हाळा, थंडीत कोण येतंय ढेकर द्यायला? दोन्ही उन्हाळे दुकानाला कुलूप आन बाहेर पोलिसाची काठी. बाटल्यांची रबरं वाळून कडक झाली, मशीन गंजलं. तेवढ्यात जाहीर झालं, हातानं पेय बनवणाऱ्या छोट्या लोकांना सरकार मदत देणार. भागूबाई, म्हणजे आमची मंडळी, बाटल्या धुऊन धुऊन जिच्या बोटांच्या रेघा पुसल्या, ती म्हणली, "अहो, जा की! मशीन भंगारात घालायची पाळी आली, आता तरी तोंड उघडा!"

गेलो. हापिसात फॉर्म भरताना साहेब म्हणला, "काका, झाकण कसलं? पत्र्याचं, प्लास्टिकचं, का बूच?"

मी म्हणलो, "गोटी."

"गोटी आत असते, काका. मी बाहेरचं विचारतोय. झाकण कुठंय?"

आता ह्याला कसं सांगावं? बाटली उलटी करून गॅस भरायचा, तो गॅसच गोटीला वर ढकलून तोंड बंद करतो, एक थेंब बाहेर येत नाय! म्हणलो, "साहेब, ती आतूनच बंद होती."

"म्हणजे बाहेरून उघडीच ना?"

घ्या! आन रांगेत माझ्या मागं कोण, तर प्रणय. वाळूजकडं बिअर गाळतो, पोरगा गुणाचा, दाढीला तेल लावतो. त्याला, "या, बसा, पाणी घेणार?" त्याच्या बाटलीला पत्र्याचं झाकण होतं ना! झाली त्याला मदत. प्रणयच लाजला बिचारा, "काका, तुम्ही आधी आले होते..." अरे, बिअर हातानं बनवली तर ती कारागिरी, आन मी काय पायानं बनवतो व्हय? दारूला मदत आन सोड्याला नाय! अरे, लोक दारूत काय घालतात? सोडाच ना? मी बोललो का हे? नाय. गप घरी आलो.

मग भागूबाईनं डोकं चालवलं. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात का नाय, दादरा, तसा तिनं तिचं लाल लुगडं फाडून एकेका बाटलीला दादरा बांधला. बाटल्या अशा दिसायला लागल्या जशा नवऱ्या बसल्यात मांडवात! म्हणली, "आता इचारू दे म्हणावं, झाकण कुठंय!"

परत अर्ज टाकला, तर म्हणले, दुकानात येऊन पाहणी करू. आन पाहणी कधी? कोरोना गेला, तोंडावरचे मास्क गेले, लोक मेलेल्यांची नावं इसरले, तवा आली पाहणी! ह्याच उन्हाळ्यात. नवी रबरं घालून, गंजलेलं मशीन कसंबसं फिरवून पाहणीपुरत्या बाटल्या भरल्या, पण मी तर आशा सोडली होती. भंगारवाल्या जब्बारभाईला बोलवूनबी ठेवलं होतं, तो सकाळपासून दोर घेऊन मशीनपाशी बसलेला. तेवढ्यात साहेबाची गाडी. मी म्हणलो, "जब्बारभाई, जरा ठहरो, सरकार आया."

साहेबानं दादरा सोडला. बाटली तोंडाला लावली. उलटी केली. हलवली. "काका, ह्यातून थेंबही येत नाही!"

"साहेब, गोटी दाबा. पण हळू, वरून हात..."

मी हळू बोलतो हो! 'हात' म्हणेपर्यंत त्यानं खिशातला पेन गोटीवर हाणला. ठप्प! चीऽऽऽ! अर्धा सोडा चष्म्यावर, अर्धा शर्टात, मिशीला फेस. भागूबाई पदर घेऊन धावली, "अगं बाई, पुसते थांबा!" आन मी, जल्माचा गप माणूस, तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सुटलो. "बघितलं साहेब? इतकं दाबून भरलेलं असतं आत! आन तुम्ही म्हणता उघडी? दोन उन्हाळे आम्ही असंच आत दाबून बसलो, कुणी इचारलं का मेला का जगला? झाकण कुठंय म्हणं!"

साहेबानं चष्मा पुसला. गळ्यावरचा थेंब पुसला. म्हणला, "काका, झाकण आहे, पण माल बाहेर येतो. बसत नाही नियमात." आन गाडीत बसून गेला.

भागूबाई खाली बसली. बाटल्यांचे दादरे सोडायला लागली, एकेक घडी घालून मांडीवर ठेवायला लागली. मला ते बघवंना. मी जब्बारभाईला म्हणलो, "उठाओ, भाई. ले जाओ."

जब्बारभाई उठला. मशीनच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला. एकदा भागूबाईकडं बघितलं. मग त्यानं दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आन निघाला.

मी मागून ओरडलो, "अरे, भाव तो बोलो!"

मागंबी बघितलं नाय त्यानं. आता सांगा, करावं काय माणसानं? सरकार म्हणतं नियमात बसत नाय, आन भंगारवाला... मशीन न उचलताच गल्लीच्या वळणावरून गेलासुद्धा!