उजवीकडची खिडकी

दुपारचं ऊन पेंगुळलं होतं, आणि जुन्या राजधानीतून हिंडणारी सहलीची बसही. वरच्या मजल्यावर गाइडच्या बोलण्याबरोबर सगळी डोकी डावीकडे, राजवाड्याकडे वळली. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या, नणंद आणि भावजय, तेवढ्या उजवीकडच्या घरांकडे बघत होत्या. त्यांच्या मागे बसलेल्या आजींचं लक्ष राजवाड्यावरून केव्हाच उडून या दोघींच्या बोलण्याकडे लागलं होतं.

"वहिनी, एकदा तरी राजवाडा बघा की."

"राजवाडा कुठे पळून जातोय, वन्सं?"

"आणि तुमचा लेक कुठे पळून जातोय? सरळ जाऊन दार वाजवा."

"दारात पाऊल टाकू नकोस म्हणालाय तो. बसमधून बघायला कुणाची बंदी आहे?"

"थांबली बघा बस. तीच ना खिडकी, निळ्या पडद्यांची?"

"तीच. अगंबाई, नात माझी! गज धरून उभी राहायला लागली हो!"

"आणि नाक?"

"तुमच्यावर गेलंय बिचारीचं."

"हात करतेय तुम्हाला."

"मला कशी ओळखेल? कधी बघितलंय मला? बसला करतेय ती."

"मग तुम्ही बसमधून करा."

"वन्सं, तिच्या मागे तोच आलाय. त्यानं पाहिलं मला."

"पाहू दे."

"उचललं तिला. आता पडदा ओढेल."

"ओढतोय?"

"नाही हो. उंच धरलंय तिला. माझ्याकडे तोंड करून."

"मग हात करा ना! बस सुटली, वहिनी."

"करतेय की. दोन्ही करतेय."