दुसऱ्याच्या गटाराचा हेवा

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच. माणसाची दारू सुटली, म्हणजे सगळं सुटलं का? की हात रिकामा झाला म्हणून तो दुसरंच काही उचलतो?

कोरडवाडी नावाचं गाव. नाव कोरडवाडी आणि गुत्ते गल्लोगल्ली! तिथं त्र्यंबक पवळे हा गिरणीवाला. पिठाची गिरणी हो, गैरसमज नको. रोज प्यायचा, पण गुपचूप. दळण संपलं की बाटली, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोप. शिवी नाही, मारहाण नाही. बायको शालन ताट वाढून बसायची. हा भिंतीला पाठमोरा होईल तर शपथ! शेवटी तिनंच त्याला शाळेत भरणाऱ्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत नेऊन बसवलं. आणि दारू सुटली. खरंच सुटली!

त्या बैठकीचा रिवाज असा — पुढं उभं राहायचं, आपण किती खाली गेलो होतो ते न लपवता सांगायचं. त्र्यंबकानं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. एकानं पंख्याचा वेग वाढवला.

मग आला उत्तम खरात, ट्रकड्रायव्हर. म्हणाला, गटारात पडलो होतो, कुत्रं तोंड चाटत होतं, मला वाटलं आईच आली. देवळाची घंटा विकली. बापाच्या तेराव्याला पाहुण्यांची ताटं लाथाडली. सभा रडली! बैठक चालवणाऱ्या मास्तरांनी चष्मा पुसला. चहाचा पहिला कप उत्तमला.

त्र्यंबकाला काय वाटलं असेल? दया? छे हो! जळला. काय ते गटार, काय ती घंटा! आणि आपल्या नशिबी भिंत!

हसू नका. शेजाऱ्याच्या बंगल्यावर आपण सगळेच जळतो. हा गटारावर जळला, एवढाच फरक.

पुढच्या बैठकीत त्यानं कहाणीत मीठ घातलं — बायकोला मारायचो. त्याच्या पुढच्या बैठकीत विळी आली. आता त्यालाही पहिला कप मिळू लागला. आणि मग आली घरच्यांना घेऊन यायची बैठक. शेजारच्या बाईनं शालनचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, विळीचा वण कुठं राहिलाय हो?

शालन घरी गेली, पिशवी भरली. दारात त्र्यंबक उभा. ती म्हणाली, "मारलं असतंत तर भांडले तरी असते. इतकी वर्षं मी घरात आहे हे तुम्हाला दिसलं नाही. ते सांगायची लाज वाटली, आणि न केलेलं पाप मिरवलंत?"

ती स्टँडवर गेली. हा कुठं गेला? गुत्त्यावर! ग्लास भरून समोर आला. आणि मंडळी, त्याच्या मनात काय यावं? बायको गेली, आता प्यालो की आपलीही कहाणी झकास होईल!

मागून उत्तम आला. बैठकीपासून सगळं बघत मागं मागंच आला होता.

"दादा," तो म्हणाला, "माझी बायको कुठल्या गावाला असते, मला ठाऊक नाही. तुमची स्टँडवर बसलीय. दर बैठकीला ती तुम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि मी जळायचो."

त्र्यंबकानं ग्लास तसाच सोडला. स्टँडवर जाऊन तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "तुझ्याकडं बघायची लाज वाटायची, म्हणून भिंतीकडं बघायचो."

"हे सगळ्यांपुढं सांगा," शालन म्हणाली. "मग बघते." आणि गाडी आली तशी माहेरी गेली.

त्यानं सांगितलं. विळी खोटी, भिंत खरी. कुणी रडलं नाही, चहा शेवटी आला. पण मागच्या बाकावर शालन येऊन बसली होती, पिशवीसकट. त्यानं बोलता बोलता तिच्याकडं पाहिलं, आणि नजर वळवली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही थेंबही घेत नाही. छान! पण परवा शेजाऱ्याचं ऑपरेशन झालं, त्याला भेटायला माणसांची रीघ लागली, तेव्हा तुमच्या मनात काय आलं? आपल्या मुतखड्याला चारच जण आले होते, हेच ना? मग सांगा, सोडायचं काय राहिलंय?

चला, हात वर करून नाव घ्या देवाचं. आणि शेजारच्याचा आवाज तुमच्यापेक्षा गोड निघाला, तर त्याला दाबू नका. त्याच्याच सुरात म्हणा.