देवपुरातल्या ओट्यावरची भाकर

जबाब
दि. १२/११/२०२४

मी, धुरपदाबाई लोटन महाले, वय ७५ वर्षे, धंदा घरकाम (पूर्वी गिरणी कामगार), रा. देवपूर, धुळे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. काल दि. ११ रोजी सकाळी सहा वाजता कुंदन झुलाल चौधरी यांच्या मोबाईल दुकानाच्या ओट्यावर लाल फडक्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, कांदा व सुकी मिरची मीच ठेवली. उतारा टाकून दुकानावर जादूटोणा केला, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांनी दुकान यंदाच घेतले. लाल फडके आणि मिरची पाहून मीही घाबरले असते, त्यामुळे माझा त्यांच्यावर राग नाही.

सन १९७३ साली गिरणीत संप झाला, तेव्हा मी सूत गुंडाळण्याच्या खात्यात होते. संप एकेचाळीस दिवस चालला. तेव्हा तेथे दुकान नव्हते, नुसता ओटा होता. पुरुष त्यावर उभे राहून भाषणे करीत. भाषणाने पोट भरत नाही, म्हणून आम्ही बाया घरोघर भाकरी मागून ओट्यावर मांडायचो. ज्याला भूक त्याने उचलावी, नाव विचारायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. संप सोडून कामावर गेलेलेही सुटी झाल्यावर मान खाली घालून खाऊन गेले. त्यांची नावे मला पाठ आहेत. येथे ठाण्यात साहेबांनी ती दोनदा विचारली. ती मी सांगणार नाही.

संप सुरू झाला त्या तारखेला मी दरवर्षी एक भाकर ठेवते. फडके तेव्हाच्या झेंड्याचे आहे. बाकीच्या बाया आता हयात नाहीत. त्या संपाची शहरात कोठेही पाटी नाही.

भाकर मुद्देमाल म्हणून साहेबांच्या टेबलावर होती. मी म्हणाले, "हाई उतारा नही, साहेब. हाई जेवन शे." आणि अर्धी समक्ष खाल्ली. शिळी होती, पण गोड लागली. उरलेली तेथेच बसलेल्या कुंदनने खाल्ली व तक्रार मागे घेतली. मग त्याने विचारले, "अक्का, आमना आबा बी व्हता का त्या संपमा?"

मी सांगितले, "तुना आबानी तठलीच भाकर खायेल शे."

आबाने त्याच ओट्यावरची भाकर खाल्ली, एवढे ऐकूनच तो फार खूश झाला. पुढच्या वर्षी दुकान लवकर उघडून ओटा धुऊन ठेवतो म्हणाला. मलाही बरे वाटले. फडके मला परत मिळाले आहे.

हा जबाब हवालदारांनी मला अहिराणीत समजावून वाचून दाखवला. मी जेवढे सांगितले, तेवढे सर्व खरे आहे.

सही
धुरपदाबाई लोटन महाले