वीजमीटरचा कागद

तुम्हाला म्हणून सांगते, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही वाचणारी मी, पण दादाने सहीला दिलेला कागद वाचला नव्हता. शेजारच्या वकीलबाई नव्या वकिलांचा सरावाचा वर्ग घेतात. तिथे मला खोटी अशील म्हणून बसायचं होतं, सोबत एखादा कागद हवा होता. मी तोच नेला.

समोरच्या शिकाऊ वकील मुलीला म्हटलं, "वडिलांच्या वारजेच्या घराचं वीजमीटर भावाच्या नावावर करायचंय."

तिने कागद वाचला आणि टाळीच वाजवली. "सापडलं! मीटरचं निमित्त सांगून बहिणीकडून घरातला हिस्सा सोडल्याची सही घेतोय. मॅडम, भाऊ काय भारी रचलाय तुम्ही!"

मी कागद तिच्या हातातून परत घेतला. बाहेर येऊन दादाला फोन लावला आणि सरळ विचारलं.

तो म्हणाला, "घरातला कागद वकिलाला कशाला दाखवलास?"