बेल हाउसिंगचा शेवटचा बोल्ट

पान्याची दोनदा टकटक म्हणजे सैल कर, एकदाच टक म्हणजे थांब. हा आवाज तरुणपणापासून माझ्या कानात आहे. मी तिथूनच सांगायला सुरुवात केली, तेव्हा चौकीत जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, “आजोबा, आधी वय, धंदा, पत्ता.” तरी वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी गिअरबॉक्स दुरुस्ती, सध्या काही नाही. राहणार मुलीकडे, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, वरचा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, टाकीसमोरच्या रस्त्यावरील वर्कशॉप माझे आणि माझ्या साडूंचे भागीदारीत आहे. आम्ही दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले आणि एकच दुकान थाटले. एक जण गाडीखाली, एक जण वरून वाकलेला. शेजारच्या लेथच्या घरघरीत बोललेले ऐकू येत नसे, म्हणून लोखंडावर टकटक करून एकमेकांना सांगायचो. किल्ल्या दोघांकडेही आहेत. गेल्या वर्षापासून आमचे बोलणे नाही. त्याचे कारण या प्रकरणाशी संबंधित नाही.

माझी मुलगी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन चालवते. गाडी ऑटोमॅटिक आहे. मागच्या आठवड्यात तिचे बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सला इंजिनाशी जोडणारे घंटेच्या आकाराचे कवच, बोल्ट बसतो त्या कानापाशी तडकले. इतक्या जुन्या गाडीचे ते आता नवीन मिळत नाही. सोमवारी व्हॅन रस्त्यावर आली नाही तर पालक दुसरी गाडी लावणार आहेत. तसाच एक गिअरबॉक्स आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात सुट्या भागांसाठी ठेवलेला आहे. साडूंना फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. मुलगी म्हणाली, “बाबा, मी जाऊन काकांना विचारते.” मी म्हणालो, माझ्याच दुकानातली वस्तू मागायची कशाला. त्यावर तिने भांडी जोरात आपटली.

म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर मी माझ्या किल्लीने शटर उघडले. कुलूप तोडलेले नाही. गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर तोंड वर करून उभाच होता आणि आतला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा तेलाचा डबा, पूर्वीच काढलेला होता. बेल हाउसिंगचे बोल्ट त्याच्या पोटात, पंपाभोवती गोलात असतात. ते ओळीने काढायचे नसतात, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे असतात. मी शाळेत पाठ केलेल्या कवितांच्या चालीवर पाना फिरवतो. भुजंगप्रयातावर हात चांगला चालतो. साडू म्हणायचे, “कवी, वृत्त सांभाळ, पण बोल्टचं डोकं खाऊ नकोस.” हे प्रकरणाशी संबंधित आहे का, असे साहेबांनी विचारले. मी सांगितले, आहे.

सगळे बोल्ट निघाले. एक निघाला नाही. त्याला तेल पाजले, वाट पाहिली, जाळ दाखवला, पुन्हा वाट पाहिली. पान्याला लांब पाइप लावून ओढले, तर बोल्ट जागचा हलेना आणि आख्खा गिअरबॉक्स मात्र गोल फिरू लागला. गुडघ्यांत दाबून धरला, तर गुडघ्यांतून निसटला. समोरून धरायला एक माणूस असता, तर कपातला चहा निवायच्या आत काम झाले असते. मी तोंडाने शिव्या दिल्या हे खरे आहे. सुरुवातीच्या शिव्या बोल्टला होत्या. नंतरच्या साडूंना.

शेवटी हातोडी घेतली. तो आवाज ऐकून लेथवाल्याने साडूंना कळवले. साडू आले, अर्ध्या शटरखालून वाकून त्यांनी मला नीट पाहिले, आणि बाहेर जाऊन पोलिसांना फोन केला की दुकानात एक अनोळखी इसम शिरला आहे. हे मी माझ्या कानांनी ऐकले. अनोळखी इसम.

बोलणे बंद का आहे, असे साहेबांनी विचारले. मी वरीलप्रमाणेच उत्तर दिले. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी वारली त्या दिवशी वर्कशॉप उघडे होते. हे लिहू नये अशी मी विनंती केली, तोवर लिहून झाले होते.

मी चोरी केलेली नाही. वस्तू जागच्या जागी आहे, कारण ती निघालीच नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सोमवारी मुलीची व्हॅन निघावी, एवढेच म्हणणे आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, भुजंगप्रयात धरून. सहीसाठी पेन हातात घेतले, तेवढ्यात चौकीच्या दाराच्या लोखंडी चौकटीवर दोनदा टकटक झाली. दारात साडू उभे होते. हात कोपरापर्यंत काळे, अंगठ्याला फडके गुंडाळलेले, हातात माझाच पाना.

साहेबांनी त्यांना विचारले, “या इसमाला तुम्ही ओळखता का?”

साडू माझ्याकडे न बघता म्हणाले, “साहेब, याची सही झाली असेल तर सोडा याला. तो बोल्ट मलाही निघेना. धरायला माणूस लागतो.”