न झटकलेलं कापड

—नाही हो काका, पैज मामानं लावलीच नव्हती, तेच तर मघापासून सांगतेय, पैज लावली तुमच्या साडूनं. मामानं फक्त ‘हो’ म्हटलं. आता ‘हो’ म्हणणारा जास्त येडा की लावणारा, ते तुम्ही ठरवा. बसा ना, त्या बाकाला रंग नाही लागलेला, मी तिथे रोज बसते. काका नको म्हणू? बरं, दादा. पण केस पांढरे झालेल्या माणसाला दादा म्हणलं की मला उगीच हसायला येतं, आणि आज हसायचापण कंटाळा आलाय, त्यामुळे काकाच बरं. गाडी मिळेल हो तुमची. आत आहे. झाकलीये. घाई काय आहे, मालक फोनवर आहेत, त्यांचा फोन संपेपर्यंत दुसरी गाडी विकत घेऊन होईल तुमची.

काल दुपारी साडू आले ना तुमचे, त्यांची लाल गाडी घ्यायला. तुमची करडी शेजारीच उभी, दोघी पॉलिश होऊन, नाकाला नाक लावून. आणि झालं, त्यांचं सुरू. माझीच कशी देखणी, माझीच कशी दणकट, साडूची म्हणजे नुसता बटाटा. हो, बटाटाच म्हणाले, मी कशाला खोटं बोलू. एका घरच्या दोन बहिणी दोघांनी केल्या, तिथे बरोबरी सुटली म्हणून आता गाड्यांवर काढतायत, असं मालक म्हणतात. मी नाही म्हणत. तर मामा तिकडे खाली बसून कापडं घडी घालत होता, तो मान वर न करता म्हणाला, “साहेब, दिसायला तुमची, बांधणीला त्यांची.” एवढंच. एवढंच बोलला हो तो. पण तुमच्या साडूंना ते असं लागलं, असं लागलं, म्हणे तुला काय कळतं, रंग मारणाऱ्या माणसा, डोळे बांधले तर कुठली कुठली तेपण सांगता यायचं नाही. आणि मामा म्हणाला, “डोळे कशाला लागतात?”

साडू म्हणाले, लावतोस पैज? मामा म्हणाला, हो. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण नाही. वर आणि काय म्हणाला, सांगू? “चुकलो तर उद्यापासून रंगाला हात लावणार नाही.” कुणी मागितलं होतं का हे? कुणीच नाही. आणि त्याचा शब्द म्हणजे असा आहे ना, की मामी म्हणते, ह्यांना ‘भात नको’ म्हणून बसताना दहा वेळा विचार करायला सांगा, कारण नको म्हटलं की मग पोटात कावळे ओरडले तरी नकोच. तर आज तो उद्या आहे. आत जाऊन फळी रिकामी करतोय. तो आवाज येतोय ना खडखड, तोच.

पण तो बरोबरच बोलला होता, काका, ते आधी ऐका. तुमच्या गाडीचं ऐकून तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. लाल गाडी रस्त्यावर आली ना की बाईपण वळून बघते, म्हातारापण वळून बघतो, कुत्रंपण. नाक एवढं खाली की रस्त्याचा वास घेत चालल्यासारखी, बाजूनं अशी एक घडी काढलीये दारावरून मागेपर्यंत, सुरीनं कापल्यासारखी, मागे तो पंख. मला विचाराल तर मला लालच आवडते. पण जवळ जा. त्या बाजूला हवा आत जायला भोकं दिसतात ना जाळीची? बोट घालून बघा. जातच नाही, मागे काळं प्लास्टिक, नुसतं सोंग. बॉनेटची फट एका बाजूला नख जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण बोट. दार लावलं की आवाज येतो पत्र्याच्या कपाटाचा, आईनं रागानं बंद केलेल्या. आत शिवण बघा सीटची, कोपऱ्यात वळली की टाके लंगडतात. नवी कोरी आहे म्हणून चालतंय. पाच पावसाळे जाऊ दे, खुळखुळ्यासारखी वाजेल.

आणि तुमची? तुमच्या तोंडावर सांगते, राग मानू नका, तुमच्या गाडीचं तोंड झोपाळू आहे. दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. आणि त्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यायला हवा. पण दार लावलं की आवाज येतो— धप्प. बस. उशी टाकल्यासारखा. मला त्या आवाजाचा नाद आहे, कुणी नसलं की मी तुमचं दार चार-पाचदा उघडून लावते. माफ करा. सगळ्या फटी सारख्या, मामानं एकदा दोऱ्याचा तुकडा धरून दाखवल्या मला, वरपासून खालपर्यंत तोच दोरा. आणि अंगाला कुठे कोपरा नाही, हात ठेवला की सरकत सरकत मागच्या चाकापर्यंत जातो, कुणीतरी हातानं घोटून घोटून केल्यासारखी. पत्रापण वेगळा, लालचं अंग लोखंडाचं, तुमचं ॲल्युमिनियमचं, म्हणजे चुंबक लावलं तर लालला चिकटतं आणि तुमच्या—

काही नाही. सांगत होते पैजेचं.

तर डोळे बांधले. मालकांचाच रुमाल. तुमच्या साडूंनी मामाचा हात धरून त्याला गोल गोल फिरवला, लहान पोरांसारखा, आणि आणून उभा केला तुमच्या करडीपुढे. अट त्यांचीच, आकार चाचपायचा नाही, काचेखालच्या वीतभर पट्टीवरच हात फिरवायचा. आता सगळ्यांना वाटलं झालं, जिंकला हा. कारण मामा हात लावतो म्हणजे काय, तुम्ही बघितलंय? नुसता हात नाही लावत तो. नुसता हात म्हणे आपलंच सांगतो, रंगाचं ऐकत नाही. मध्ये एक कापड घेतो, पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेलं, तळव्याखाली असं पसरून हात फिरवतो. मग राईएवढा उंचवटापण कळतो. खरंच कळतो, मी करून बघितलंय. शाळेत काही कळलं नाही मला— नववीत शाळेनं मला सोडलं, मी नव्हती सोडली, मी रोज जायला तयार होते, तिथे मजा यायची— पण हे मला कळतं. मामानं शिकवलंय.

तर फिरवला त्यानं हात. दारावरून मागे. आणि थांबला. परत फिरवला. कपाळाला आठी. म्हणाला, “खरखरीत लागतंय. वरचा थर नीट बसलेला नाही ह्याचा. ही लाल.” झालं. तुमचे साडू असे हसले, असे हसले, की त्यांना खोकला लागला. मामानं रुमाल काढला, करडी बघितली, आणि काका, तो हसला नाही, चिडला नाही, काही नाही. आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. असं उलटं-सुलटं करून. भाजीवाल्यानं सडकी भाजी दिल्यावर बघतो ना आपण, तसं.

आणि मग नंतर धुताना ते ओरखडे—

तुम्हाला मालकांनी सांगितलं नाही अजून? नाही ना. मग मी पण नाही सांगितलं. बसा. बसा हो, उठून काय होणार, आत झाकलेली आहे म्हटलं ना. आहेत. दारापासून मागच्या चाकापर्यंत, केसासारखे बारीक, ट्यूबलाइटखाली दिसतात. लांबून नाही दिसत. बरं, दिसतात. मालक म्हणाले, तुझ्या अंगठीनं झालं हे. मामा म्हणाला, असेल. अंगठीवर पट्टी लावायची राहिली असेल, कापड सरकलं असेल, असेल. नुसतं असेल असेल. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या गाडीला नख लावलं नाही तो म्हणतो असेल. घरी गेल्यावर साबण लावून अंगठी काढली त्यानं. निघता निघेना. आणि मामीला काय म्हणाला, हळू आवाजात, मला वाटतं मी ऐकत नाही असं त्याला वाटलं— “बोटं मेली गं माझी. खरखर नसताना खरखर लागली.”

म्हणून म्हणते, काका, तुमच्याकडे एक काम आहे. मालक आता फोन ठेवतील आणि सांगतील की गाडी दुसऱ्या गॅरेजला पाठवतो, खर्च आमचा. तुम्ही नाही म्हणा. म्हणा, करायचं तर ह्याच माणसानं, दुसऱ्याच्या हातात देणार नाही. गिऱ्हाइकानं हट्ट धरला तर मालक मामाच्या पाया पडतील, आणि मामा मालकांचं ऐकेल. तुमचं काय जातंय?

ज्यानं ओरखडे पाडले त्यालाच कशाला द्यायची? हं. बरोबर आहे तुमचं. म्हणजे असं बघा— अंगठीनं नसतील पडले. अंगठीचा ओरखडा एकच असतो, खोल. हे बारीक बारीक आहेत, झाडूसारखे. कापडात काहीतरी असेल. लोखंडाचा कीसबीस. नाही, मामा कापड बघून घेतो. कुणीपण कापड दिलं ना त्याला, मालकांनी दिलं, मामीनं घरून दिलं, त्याच्या गुरूनं स्वर्गातून खाली टाकलं, तरी तो आधी झटकतो. दोनदा. झटकल्याशिवाय रंगावर कापड ठेवायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. काल नाही झटकलं.

का म्हणजे? कारण मी दिलं होतं.

माझं कापड तो झटकत नाही. मी देते तेव्हा मी झटकलेलंच असतं, असं त्याचं आहे. सरळ घेतो आणि ठेवतो.

पाणी हवंय का तुम्हाला? मला हवंय. राहू दे.

बघा, मी खोड्या करते. सगळ्यांना माहितीये. मालकांच्या स्कूटरला ‘विकणे आहे’ पाटी लावली होती, भाव करायला लोक घरी गेले त्यांच्या. त्यांच्या रुमालात निळी पूड घातली होती, दिवसभर निळं नाक घेऊन गिऱ्हाइकांशी बोलत होते, कुणी सांगेना. इथे टाचणी पडली तरी सगळे आधी माझ्याकडे बघतात. आणि काल कुणी बघितलंच नाही, काका. एकानंपण नाही. मामाच्या कामात मी काही करीन, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी उभी होते तिथेच, खिशात हात घालून, वाट बघत, की आता कुणीतरी म्हणेल, ‘काय गं, तू?’ रात्रभर वाट बघितली. खूप दमायला होतं हो, कुणी विचारत नाही त्याची वाट बघत बसायचं म्हणजे.

हे बघा. खिशातच आहे अजून. बटणाएवढं. ग्राइंडरखाली लोखंडाचा कीस सांडतो ना, तो उचलायचं चुंबक. कापडाच्या काठाच्या दुमडीत खोचलं होतं मी, तळव्याखाली येणार नाही असं, नंतर गुपचूप काढून घेतलं. मला वाटलं लालवर हात फिरवेल, लोखंडाला चिकटेल, हात अडकेल, मामा दचकेल— डोळे बांधलेले, आणि गाडीनं हात धरला. सगळे हसतील. तोपण हसला असता, त्याला माझ्या खोड्या आवडतात, वरवर ओरडतो. आणि खरं सांगू, मला वाटलं मदतच होईल. चिकटलं की लाल, नाही चिकटलं की करडी. पण तुमच्या साडूंनी नेला करडीपुढे. आणि कीस राहिला होता चिकटून. मी पुसलं होतं, हो, पॅन्टला पुसलं होतं. चुंबक पुसून साफ होत असतं तर काय. आलं सगळं कापडातून बाहेर.

म्हणजे खरखर होती. कळतंय ना तुम्हाला? खरीच होती. त्याच्या बोटांना बरोबर कळलं, एकट्या त्यांनाच कळलं. चुकलं ते माझं कापड. मीच केलं. अंगठी नाही, बोटं नाही. मी. जा, सांगा मालकांना, मला नाही जायचं आत. मामासमोर माझ्या तोंडून—

तुम्ही माझ्या मागे काय बघताय?

मामा.

कधीपासून उभा आहेस? खडखड थांबली ते लक्षातच नाही आलं. पिशवी ठेव ना खाली. ऐकलंस तर ऐकलंस. हो, मीच. हे घे चुंबक. मार हवं तर, मारत का नाहीस कधी.

...

काय? कापड? आता? देते. हे घे, सकाळीच धुतलंय, उन्हात वाळवलंय, ह्यात काही नाही, आईशप्पथ काही—

...

झटकलंस.

बरोबर आहे. अजून एकदा झटक. काका, तुम्ही निघा आता. तो तुमच्या गाडीकडे चाललाय, मध्ये कुणी बोललेलं त्याला चालत नाही.