नव्या प्रोसेसरचं नाव

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर पेपर उघडून बसले होते. लक्ष मात्र सगळं शेजारच्या बोलण्याकडे. आत असलेल्या माणसाची बायको आणि लॅपटॉप घेतलेला त्याचा सहकारी बोलत होते.

"वहिनी, मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालतो, तो हा प्रोग्राम. त्यात नव्या प्रोसेसरची सोय करायला आपला गडी दोन वर्षं खपला. आज काम जमा करायची मुदत संपते, आणि तपासणारे म्हणतात, त्याचं काम ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव बदला."

"काय ठेवलंय?"

"चिप बनवणाऱ्या कंपनीचं. नियमानं चिपवर छापलेला नंबर हवा. कंपन्या काय, आज आहेत, उद्या विकल्या जातात."

पोस्टमास्तरांना नियम पटला.

"मग बदला की."

"त्याला न विचारता? त्याची एक ओळ हलवली तर आठवडाभर बोलत नाही."

"मला सांगता? डब्यांच्या लेबलांवरून भांडलाय माझ्याशी. त्याचं स्वतःचं नाव राहील ना?"

"लेखक म्हणून वर त्याचंच. बदल मी करणार, म्हणून खाली माझं."

"मग करा, भाऊजी. शुद्धीवर आला की भांडेल मात्र."

"भांडू दे, वहिनी. त्यासाठीच तर बसलोय."